सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी : परराज्यातील पहिले दिवस



आपला मठ भेस्तान येथे आहे. भेस्तान स्थानकावरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे उधना आणि सुरत मागे पडतात, तापी ओलांडली जाते, आणि पुढे नर्मदेचे विस्तीर्ण पात्र पार होताच भडोच येते. उधन्याहून पूर्वेस निघणारा दुसरा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर अशी गावे घेत जळगावास पोहोचतो. आपल्या मठात नित्य येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांचे वाडवडील याच दुसऱ्या मार्गाने, यंत्रमागांवर व रंगाईच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी खानदेशातून येथे आले. सुमारे आठशे वर्षांपूर्वी एक तरुण याच्या उलट दिशेने चालत गेला. तो भडोचच्या प्रधानाच्या घरून निघाला आणि महाराष्ट्रात आला. त्याने कोणतेही सैन्य, द्रव्य वा ग्रंथ बरोबर आणले नव्हते. तेच आपले सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी.

स्वामींच्या चरित्रातील उत्तरकाळ सर्वांस परिचित आहे. पैठण, डोमेग्राम, बेलापूर येथील लीळा, नागदेवाचार्य, बाइसा, महदाइसा यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे नित्य वाचली जातात. परंतु त्यापूर्वीचा एकाकी परिभ्रमणाचा जो काळ ‘एकांक’ या नावाने ओळखला जातो, त्याकडे आपले लक्ष त्या मानाने कमी जाते. परमुलखात सेवेस जाणाऱ्या मनुष्याने पहिल्या दिवसांत कसे वागावे, हे या एकांकात जसे दिसते तसे अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून तेवढाच भाग येथे विवेचनास घेतला आहे.

दोन राज्ये, एक परंपरा

आज भडोचहून अमरावतीस जाणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते परराज्यात जाणे होते. किंबहुना शत्रूच्या राज्यात जाणे होते. गुजरातेत चौलुक्यांची सत्ता होती व वाघेल्यांचा उदय होत होता. इकडे देवगिरीस यादवांचे राज्य होते. यादवराजा सिंघण याने गुजरातेवर एकाहून अधिक वेळा स्वाऱ्या केल्या आणि त्याच्या खोलेश्वर नामक सेनापतीने त्या मोहिमांत मोठा पराक्रम केला. या दोन सत्तांच्या मध्ये सापडलेला लाट देश, म्हणजे भडोच-सुरतेचा हा आपला प्रदेश, युद्धाच्या झळा सतत सोशीत होता. ज्या घरातील माणसांनी देवगिरीच्या फौजांची धास्ती घेतलेली, त्या घरातील मुलाने देवगिरीच्या मुलखात एकट्याने जावे, ही त्या काळी कल्पनेतही न येणारी गोष्ट होती.

तथापि या दोन देशांमध्ये तलवारीच्या वाटेखेरीज दुसरीही एक वाट होती. फलटणचे श्रीचांगदेव राऊळ हे मराठी मुलखातील. ते घर सोडून माहुरास गेले, तेथे श्रीदत्तात्रेयप्रभूंचा प्रसाद त्यांना लाभला, आणि पुढे ते द्वारकेस जाऊन राहिले. द्वारकेत त्यांनी काय केले? त्यांनी पीठ स्थापिले नाही, वादसभा भरविली नाही. हाती खराटा व सूप घेऊन ते त्या नगरीचे रस्ते झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत टाकीत. द्वारकेच्या लोकांना या मराठी पुरुषाची पहिली ओळख झाली ती केर काढणारा म्हणून. पुढे वऱ्हाडातील रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू द्वारकेस गेले असता त्यांना चांगदेव राऊळांकडूनच शक्तीचा लाभ झाला. म्हणजे ज्ञानाचा हा प्रवाह महाराष्ट्रातून गुजरातेत आला, गुजरातेतून परत वऱ्हाडात गेला, आणि पुढे भडोचच्या एका तरुणाच्या रूपाने त्याने तीच वाट पुन्हा धरली. राजे एकमेकांच्या सीमा जाळीत असता परमार्थाची ही ये-जा अखंड चालू होती.

भडोचचे घर

परंपरा असे सांगते की, भडोच येथील प्रधान विशाळदेव व त्यांची पत्नी माल्हणदेवी यांचे पुत्र हरपाळदेव हे ऐन तारुण्यात आजारी पडून निवर्तले. त्यांचा देह स्मशानात नेला असता त्यात चैतन्य परतले. त्याच सुमारास द्वारकेत चांगदेव राऊळांनी देह ठेवला होता, आणि त्यांनीच या तरुण देहाचा स्वीकार केला, अशी आपली श्रद्धा आहे. ही घटना शके ११४२ च्या, म्हणजे इ. स. १२२०-२१ च्या सुमाराची मानतात. भाद्रपद शुद्ध द्वितीयेस आपण जो अवतारदिन साजरा करतो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

पुढची हकीकत लीळाचरित्रकारांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे, आणि हे त्या ग्रंथाचे मोठेपण होय. हरपाळदेव प्रपंचात वावरत होते. त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा ते खेळात मोठी रक्कम हरले. देणे चुकविण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकार मागितले आणि त्यांनी ते देण्यास नकार दिला. पित्याने ऋण फेडले. परंतु जे घर आपले म्हणून आपण मानतो ते किती आपले, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला. येथे कमळाइसांस दोष देण्याचे कारण नाही. गृहिणीने स्त्रीधन राखावे हे व्यवहारास धरूनच होते. संसाराचा स्वभावच असा आहे एवढेच त्या प्रसंगाने उघड झाले, आणि तेवढे वैराग्यास पुरे झाले.

हरपाळदेवांनी पित्याकडे रामटेकच्या यात्रेची अनुज्ञा मागितली. रामटेक यादवांच्या मुलखात. पुत्रास शत्रूच्या राज्यात धाडण्यास प्रधान सहजी राजी होणार कसे? त्यांनी पुष्कळ विरोध केला. अखेर पुत्राचा निश्चय पाहून सेवक, वाहने व शिधासामग्री बरोबर देऊन त्यांनी निरोप दिला. प्रधानपुत्राने परराज्यात जायचे तर असेच गेले पाहिजे, अशी पित्याची समजूत होती. पुत्राची समजूत निराळी होती. मार्गात त्यांनी ही सोबत मागे टाकली व पुढे एकटेच निघाले.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. परमुलखात सेवेला जाणाऱ्याजवळ काय असावे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पित्याने जे दिले होते त्याने लोकांवर वजन पडले असते, दारे उघडली असती, पण प्रत्येक दारामागे भीती किंवा अपेक्षा उभी राहिली असती. सोबत टाकल्यावर त्यांच्याजवळ केवळ पोटाची भूक उरली, आणि भुकेल्या परक्या माणसासाठी गावातील जे दार उघडते तेवढेच खरे.

रिद्धपूरचा प्रसाद

वऱ्हाडातील रिद्धपूर हे गाव आज अमरावती जिल्ह्यात आहे. तेथे श्रीगोविंदप्रभू राहत. लोक त्यांस राऊळ म्हणत आणि वेडेही म्हणत. ते हवे त्या घरात जात, हवे ते उचलून खात, मुलांत खेळत, कोणाच्या घरचे खावे व कोणाच्या घरचे न खावे हा विधिनिषेध त्यांना नव्हता. हरपाळदेव तेथे पोहोचले तेव्हा राऊळ बाजारात शेंगुळे खात होते. शेंगुळे म्हणजे पिठाचा एक साधा पदार्थ. त्याच्या नावाची आठवण आपल्या खानदेशी घरांतील शेंगोळ्यांत अजून टिकून आहे. राऊळांनी त्यातीलच थोडे या परक्या तरुणाकडे टाकले. तरुणाने तो प्रसाद घेतला, आणि ज्ञानशक्तीचा स्वीकार तेथे झाला. चक्रधर हे नावही त्यांना येथेच मिळाले असे मानतात.

प्रस्तुत लेखक संस्कृत पाठशाळेत वाढला. गुरूपाशी जायचे ते समित्पाणी होऊन, अधिकार सिद्ध करून, असे त्याने ग्रंथांतून शिकलेले. त्यामुळे या लीळेचा अर्थ उमगण्यास त्याला बराच काळ लागला. भडोचचा प्रधानपुत्र कोणत्या भाषेत राऊळांशी बोलला, त्याने कोणते शास्त्र सांगितले, कोणते कुळ सांगितले, याला त्या लीळेत स्थानच नाही. बाजारातील उघड्यावरचे, दुसऱ्याच्या हातचे, उष्टे अन्न त्याने घेतले. ज्या देशात आपण सेवा करणार त्या देशाचे अन्न आधी अंगी लागले पाहिजे, हा या प्रसादाचा एक अर्थ. आणि ते अन्न तेथील प्रतिष्ठितांच्या पंक्तीचे नसले तरी चालते, हा त्याचा दुसरा अर्थ.

साळबर्डी आणि परिभ्रमण

रिद्धपूरहून स्वामी साळबर्डीच्या डोंगरात गेले. सातपुड्याच्या कुशीतील हे स्थान आजही निर्जन व झाडीने वेढलेले आहे. तेथे त्यांनी बारा वर्षे काढली असे परंपरा सांगते. मुक्ताबाई नावाच्या एका वृद्ध तपस्विनीची भेट त्यांना याच डोंगरात झाली. या बारा वर्षांत त्यांनी एकही शिष्य केला नाही. ज्यांच्या मुखातून निघालेली वचने पुढे सूत्रे झाली, त्यांनी परराज्यात आल्यावर आधी एक तप मौनात व एकांतात घालविले.

त्यानंतरचे दिवस अखंड भ्रमणाचे आहेत. आज या गावच्या देवळात, उद्या नदीकाठच्या झाडाखाली, परवा डोंगराच्या कपारीत. भिक्षेला जायचे, जे मिळेल ते पाण्याच्या काठी बसून खायचे आणि पुढे निघायचे. या भ्रमणात ते आंध्रदेशात ओरंगलपर्यंत गेले, तेथे काही काळ गृहस्थाश्रमातही राहिले, आणि तोही बंध सोडून पुन्हा मराठी मुलखात आले. प्रत्येक वेळी मान व स्थैर्य त्यांच्या वाटेत येत गेले व प्रत्येक वेळी त्यांनी तेथून पाऊल उचलले. लोणार येथे तर खुद्द यादवराजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला. ज्या घराण्याच्या फौजांचे भय भडोचच्या घरी होते, त्याच घराण्याचा राजा हा. त्याने द्रव्य अर्पण करू पाहिले, स्वामींनी त्याचा स्वीकार केला नाही. पित्याने दिलेला लवाजमा वाटेत सोडणाऱ्यास राजाने दिलेले सोने सोडणे जड गेले नाही.

या काळातील सेवेचे स्वरूप कसे होते, हे सशाच्या लीळेत उत्तम दिसते. स्वामी रानात बसलेले असता शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला व त्यांच्या मांडीखाली शिरला. मागोमाग कुत्री आली, पारधी आले. त्यांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी त्यांस सांगितले की, हा जीव शरण आला आहे, त्यास देता येणार नाही. मग त्यांनी त्या पारध्यांना अहिंसेचा अर्थ त्यांना समजेल अशा रीतीने सांगितला. पारध्यांनी ससा सोडला, आणि पुढे शिकारही सोडली.

परमुलखातील या प्रचारकाचे हे श्रोते पाहावेत : काही पारधी, त्यांची थांबलेली कुत्री आणि एक ससा. येथे मंडप नव्हता, पुराण नव्हते. शरण आलेल्याला आधी आसरा दिला आणि बोलणे नंतर झाले. हाच क्रम एकांकातील लीळांत पुन्हा पुन्हा आढळतो. एका चर्मकार दांपत्यास त्यांचा अनुग्रह लाभला व गावाने त्या दोघांचा छळ मांडला, ही लीळाही याच जातीची आहे. परका मनुष्य गावात आला म्हणजे सामान्यतः तो गावातील बलवंतांच्या आश्रयास जातो, कारण त्याला तेथे टिकावयाचे असते. स्वामी ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्यांच्याजवळ गेले.

एकांकातील लीळांचा आणखी एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे प्रसंग पाहावयास कोणी शिष्य बरोबर नव्हता. पुढे परिवार जमल्यावर बाइसा, भटोबास आदी मंडळींना स्वामींनी ते प्रसंगोपात्त स्वमुखाने सांगितले. स्वामींनी महाराष्ट्र सोडल्यानंतर म्हाइंभटांनी गावोगाव पायी हिंडून, ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्याकडून मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आज त्याचा गौरव होतो.

पैठण : अनेक वर्षांनी पहिला शब्द

शके ११८९ च्या, म्हणजे इ. स. १२६७ च्या सुमारास स्वामी पैठणास आले. नागुबाई नावाची एक साधक वृद्धा तेथे होती. ती स्वामींची सेवा करू लागली व बाइसा म्हणून पंथात वंद्य झाली. येथून एकांक संपतो व पूर्वार्ध सुरू होतो. परिवार वाढला. नागदेव आले, महदाइसा आल्या, म्हाइंभट आले. परंपरेनुसार इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथास प्रयाण केले. म्हणजे शिष्यपरिवारासह त्यांचा काळ उणापुरा सातआठ वर्षांचा. त्यामागे एकांताची, भ्रमणाची व भिक्षेची तीन दशकांहून अधिक वर्षे उभी आहेत. आपण फळ पाहतो. मुळे किती खोल गेली होती ते पाहत नाही.

या सातआठ वर्षांतील वाणीकडे पाहिले म्हणजे त्या मौनी वर्षांत काय घडले ते कळते. स्वामींचे जे शब्द शिष्यांनी जपून ठेवले, ते त्या काळच्या खेड्यातील स्त्रीपुरुष बोलत त्या मराठीत आहेत. त्यांतील दृष्टांत शेतातले, घरातले, बाजारातले आहेत. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत कोणाला ठाऊक नाही? केशोबासांनी पुढे असे ११४ दृष्टांत वेचून ‘दृष्टांतपाठ’ रचला. भडोचच्या प्रधानाच्या वाड्यात ही भाषा मिळणारी नव्हती. ती बाजारच्या शेंगुळ्यांबरोबर, पारध्यांच्या बोलण्याबरोबर, दारोदारच्या भिक्षेबरोबर आलेली होती.

स्त्रियांनी विचारलेले प्रश्न स्वामींनी कधी टाळले नाहीत. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा, शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक देहधर्म आहे, त्याने कोणी अपवित्र होत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. आठशे वर्षांपूर्वी हे बोलण्याचे धैर्य कोठून आले, असे आपण विचारतो. ज्याने स्वतःचे कुळ, देश व लवाजमा आधीच सोडला आहे, त्याला गमावण्याजोगे काही राहिलेले नसते, हेच त्याचे उत्तर.

स्वतः आचरलेला हा मार्ग त्यांनी शिष्यांसाठी आचारधर्म म्हणूनही घालून दिला. आपल्या देशाचा संबंध सोडावा, आपल्या गावाचा संबंध सोडावा, आणि नातलगांचा संबंध तर विशेषेकरून सोडावा, असा त्याचा आशय आहे. त्याचबरोबर शिष्यांनी महाराष्ट्रात राहावे, असाही त्यांचा आदेश आहे.

आपल्यापुढील प्रश्न

आता प्रामाणिकपणे विचार करावयाचा तर हा शेवटचा आदेश आपणां भेस्तानच्या भाविकांना अस्वस्थ करणारा आहे. आपण तर महाराष्ट्र सोडून आलो. मठात हा प्रश्न वृद्ध मंडळी अधूनमधून विचारतात, आणि तो विचारताना त्यांच्या स्वरात सुटलेल्या गावाची व्यथा असते. हा आदेश मुख्यतः भिक्षुकांसाठी, विषयांच्या मोहापासून त्यांना दूर ठेवण्यासाठी दिलेला आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. शिवाय आपल्या परंपरेत केवळ भडोचहून महाराष्ट्रात येणारे स्वामीच नाहीत. फलटणहून द्वारकेस जाऊन तेथील रस्ते झाडणारे चांगदेव राऊळही आहेत. पुढे पंथाचे अनुयायी पंजाबात गेले व तेथे जयकृष्णी म्हणून ओळखले गेले. त्यांचे मठ पेशावर व काबूलपर्यंत पोहोचले. मराठी माणूस पोटासाठी गुजरातेत आला यात पाप नाही. येथे आल्यावर त्याने हाती खराटा घेतला की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि याच प्रश्नाला जोडून भाषेचा प्रश्न येतो. ही स्मरणिका मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत निघावी, असा विचार मठात पुढे आला तेव्हा प्रस्तुत लेखकाने त्यास विरोध केला होता, हे येथे कबूल करणे उचित होईल. स्वामींची वाणी मराठी, आपले ग्रंथ मराठी, मग गुजराती पाने कशाला, असे त्याचे म्हणणे होते. मनात याहूनही एक गोष्ट होती : पाठशाळेत शिकलेल्यास आपला लेख संस्कृतात असावा अशी सुप्त हौस असते. परंतु मठाच्या पाठशाळेत सायंकाळी जी मुले बसतात, त्यांतील निम्मी मुले आता आपापसांत गुजरातीत बोलतात. शाळेत ती गुजरातीच वाचतात. एके दिवशी रिद्धपूरची लीळा सांगून झाल्यावर एका लहान मुलाने शेजारच्या मुलाला ती गुजरातीत पुन्हा सांगितली. त्या शेजाऱ्याला मराठी येत नव्हते. तो भेस्तानचाच, मित्राबरोबर सहज आलेला. लेखकाने मुलाला मध्येच थांबविले. त्या रात्री स्मृतिस्थळातील नागदेवाचार्यांचा प्रसंग आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

तो प्रसंग असा. केशोबास हे संस्कृताचे गाढे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना केली व पुढेही करावी असा त्यांचा मानस होता. नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्या ज्ञानास मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले. संस्कृत हीन आहे, असे ते म्हणाले नाहीत. समोर बसलेल्या म्हातारीला काय कळेल, एवढेच त्यांनी पाहिले. स्वामींनी भडोच सोडल्यावर आयुष्यभर जे केले, त्याचाच हा धडा होता.

पुढील काळात आपले ग्रंथ परचक्राच्या धामधुमीत नष्ट होऊ नयेत, त्यांचे पावित्र्य राहावे, म्हणून ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्यामुळे ग्रंथ वाचले, हे खरे. पण कित्येक शतके बाहेरच्या मराठी जगास त्यांचा पत्ता नव्हता व पंथाविषयी नाना गैरसमज पसरले, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडल्या, आणि मराठी भाषेला आपले आद्य वैभव परत मिळाले. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या आधारांत आपल्या ग्रंथांचा मोठा वाटा आहे. कुलूप घातल्याने ठेवा टिकतो, परंतु उघडल्यानेच तो कामी येतो.

म्हणून या स्मरणिकेतील गुजराती पाने ही मराठीत घातलेली तूट नव्हे. भडोचच्या प्रधानपुत्राने मराठी खेडुतांसाठी त्यांची बोली पत्करली; भेस्तानच्या मराठी मुलांनी येथील शेजाऱ्यांसाठी त्यांची बोली पत्करली तर ते त्याच मार्गाने जाणे होईल. मात्र त्यात एक दक्षता हवी. घरी मराठी आणि लीळाचरित्राचे मूळ वाचन सुटता कामा नये, कारण मूळ ठाऊक नसलेला मनुष्य दुसऱ्याला काय सांगणार? तो लहान मुलगा रिद्धपूरची लीळा गुजरातीत सांगू शकला, कारण ती त्याने आधी मराठीत नीट ऐकली होती.

आता त्या मुलाला पाठशाळेत कोणी थांबवीत नाही. शनिवारी वाचन झाले म्हणजे तो व त्याचा मित्र दोघेही पुढे बसतात, आणि मराठी लीळेमागून गुजराती लीळा होते. वृद्ध भगिनी प्रथम कुरकुरल्या. हल्ली त्याच थोडे थांबून ती ऐकतात. मठाचा हा वर्धापनोत्सव संपल्यावर मंडप उतरेल, पताका निघतील. अंगण झाडण्याचे काम तेवढे उरेल. ते काम कोणी परके वा आपले न म्हणता सर्वांनी मिळून करावे, आणि करताना द्वारकेचा तो खराटा व रिद्धपूरचा तो प्रसाद आठवावा, अशी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.